‘फ्रँकेन्स्टाइन’मधील एकाकीपणा

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती निघाल्या आणि त्यांवर लेखिकेचे नाव नव्हते. मृतांचे अवयव जुळवून त्यांत प्राण ओतणारा तरुण शास्त्रज्ञ आणि त्याच्या हातून घडलेला भीषण जीव, एवढ्या ओळखीवर ही कादंबरी दोनशे वर्षे जगभर फिरते आहे. कोणी तिला विज्ञानकथेची जननी म्हणतात, कोणी भयकथा. प्रत्यक्षात भयाचे प्रसंग तिच्यात मोजके आहेत. पानोपानी साचून राहिला आहे तो एकाकीपणा, आणि कथेतील प्रत्येक खून त्याच्यातूनच उगवतो.

या एका भावनेच्या छटा सांगायला मराठीत बरेच शब्द आहेत. एकांत माणूस स्वतः मागून घेतो. एकटेपणा परिस्थितीने वाट्याला येतो. ज्याने सांभाळायचे त्यानेच पाठ फिरवली की पोरकेपण येते, आणि सगळ्या गावाने दार लावले की माणूस वाळीत पडतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये हे सारे आहे. कथा सुरू होते हौसेने पत्करलेल्या एकांतापासून आणि जाऊन थांबते वाळीत पडलेल्या पोरक्या जिवापाशी. एकाचा हौसेचा एकांत दुसऱ्याच्या पोरकेपणाला कसा कारण होतो, हा या कादंबरीचा खरा विषय आहे.

कादंबरी लिहिली गेली तो काळ एकांताच्या कौतुकाचा होता. जिनिव्हात जन्मलेल्या रूसोने एकट्याच्या भटकंतीला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली होती. इंग्लंडमधील कवी डोंगरदऱ्यांतून एकटे हिंडत आणि त्यातच आत्म्याची उन्नती पाहत. मेरीचे पती पर्सी शेली यांची एकांताच्या ध्यासाने झिजून मरणाऱ्या कवीवरची ‘अलास्टर’ ही दीर्घ कविता १८१६ साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी मेरीने आपली कथा लिहायला घेतली. तिने या कौतुकाला थेट विरोध केलेला नाही. निसर्गाच्या भव्यतेची वर्णने तिच्याही कादंबरीत भरपूर आहेत. मात्र एकट्याने डोंगर चढणाऱ्याच्या मागे घरी कोण वाट पाहत बसले आहे, हा प्रश्न तिने विचारला. तो प्रश्न तिच्या भोवतालच्या पुरुष कवींना फारसा सुचलेला दिसत नाही.

कादंबरीची बांधणी एकात एक बसवलेल्या डब्यांसारखी आहे. सर्वांत बाहेर रॉबर्ट वॉल्टन या दर्यावर्दीची पत्रे आहेत, ती इंग्लंडमधील बहीण मार्गारेट हिला लिहिलेली. त्या पत्रांच्या आत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची कहाणी, आणि तिच्याही पोटात त्याने घडवलेल्या जिवाने स्वतः सांगितलेली आपबीती. या रचनेकडे निव्वळ कथनतंत्राची करामत म्हणून पाहू नये. तिघांनाही कोणीतरी ऐकून घेणारा हवा आहे आणि तो मिळाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. मार्गारेटचे एकही उत्तर कादंबरीत येत नाही. ११ डिसेंबर ते १२ सप्टेंबर या नऊ महिन्यांत वॉल्टन लिहीत राहतो. बर्फात अडकल्यावर तर हे कागद बहिणीच्या हाती पडतील की नाही, याचीही त्याला खात्री नसते.

वॉल्टनचा एकाकीपणा तिघांत सौम्य आहे, म्हणून त्याच्यापाशी फार थांबायला नको. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, काकांच्या ग्रंथसंग्रहावर वाढलेला, एक वर्ष कवी व्हायची धडपड करून हरलेला. उत्तर ध्रुवाकडची वाट शोधायची या ध्यासाने त्याने जहाज घेतले आहे. जहाजावर खलाशी पुष्कळ आहेत, पण मनातले बोलावे असा मित्र नाही, ही तक्रार तो दुसऱ्याच पत्रात करतो. बर्फावरून अर्धमेल्या अवस्थेत उचलून घेतलेला व्हिक्टर त्याला तसा मित्र वाटतो, आणि तो मित्र मरायला टेकलेला असतो.

व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन मात्र पोरका नाही. जिनिव्हातील सुखवस्तू घर, मायाळू आईबाप, पुढे पत्नी होणारी एलिझाबेथ, जिवाभावाचा मित्र हेन्री क्लर्व्हल, सगळे त्याला लहानपणापासून मिळालेले आहे. सतराव्या वर्षी तो शिकण्यासाठी इंगोल्श्टाटला जायला निघतो आणि त्याच सुमारास लाल तापाने त्याची आई जाते. विद्यापीठात त्याला जीवनाचे रहस्य उकलण्याचा छंद जडतो. घराच्या अगदी वरच्या टोकाला, इतर खोल्यांपासून सज्जा आणि जिना यांनी तोडलेल्या कोठडीवजा खोलीत त्याची प्रयोगशाळा आहे. शवागारे, विच्छेदनगृहे आणि कत्तलखाने यांतून तो आपले साहित्य गोळा करतो. ऋतू येतात आणि जातात, घरची पत्रे उत्तराविना पडून राहतात. जी गोष्ट आपल्या माणसांना सांगता येत नाही आणि जी आपल्याला त्यांच्यापासून तोडते, ती करण्यातच काही चूक असली पाहिजे, हे त्याला फार उशिरा, मरणाच्या वाटेवर कळते.

नोव्हेंबरच्या एका रात्री आठ फूट उंचीचा तो देह डोळे उघडतो आणि व्हिक्टर पळून जातो. संपूर्ण कादंबरीचा कणा या पळण्यात आहे. जिवाने अजून कोणाचे काही वाईट केलेले नाही. तो बिछान्यापाशी येतो, तोंडाने काही अस्फुट आवाज काढतो, हात पुढे करतो. नुकते जन्मलेले मूल याहून वेगळे काय करते? व्हिक्टरला त्या हातात फक्त धोका दिसतो. जन्म देण्याची महत्त्वाकांक्षा त्याला होती, वाढवण्याची जबाबदारी नको होती. वीस वर्षांच्या आतबाहेरच्या लेखिकेने हा भेद इतक्या स्पष्टपणे पाहावा, याचे आश्चर्य आजही ओसरत नाही.

यापुढे व्हिक्टरचा एकांत मौनाचा होतो. धाकटा भाऊ विल्यम मारला जातो आणि घरातील निरपराध जस्टिन मॉरिट्झ हिच्यावर आळ येतो. खुनी कोण हे व्हिक्टर मनोमन ओळखतो, पण आपल्याला वेडा ठरवतील या विचाराने गप्प राहतो. जस्टिन फासावर जाते. धर्मबहिष्काराची धमकी देऊन पाद्र्याने तिच्याकडून खोटा कबुलीजबाब घेतलेला असतो; एखाद्याला एकटे पाडून त्याच्या तोंडून हवे ते कसे वदवून घेता येते, याचा तो दोन पानांतला पाठच आहे. व्हिक्टरच्या दुःखाची कादंबरीला कणव आहे, पण त्याच्या मौनाची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हे ती विसरू देत नाही.

सर्वांत आतला डबा त्या जिवाचा. त्याला नाव नाही. ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे त्याच्या निर्मात्याचे नाव लोकांनी पुढे त्यालाच चिकटवले, आणि मराठीतही राक्षस म्हणूनच त्याची ओळख करून दिली जाते. आल्प्समधील हिमनदीवर तो व्हिक्टरला गाठतो आणि एका झोपडीत शेकोटीपाशी बसवून आपली हकिकत सांगतो. १८३१च्या आवृत्तीत अकरा ते सोळा ही सहा प्रकरणे या हकिकतीची आहेत आणि कादंबरीचे सर्वांत मोलाचे लेखन तेच आहे.

प्रकाश, थंडी, भूक, पाखरांचा आवाज यांतले काहीच त्याला आधी वेगळे करता येत नाही. भिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या विस्तवाची ऊब त्याला कळते आणि हात घातल्यावर चटकाही बसतो. एक म्हातारा त्याला पाहून झोपडी सोडून पळतो. एका गावात लोक दगड मारून त्याला हाकलतात. शेवटी एका घराला लागून असलेल्या पडवीवजा खोपटात तो लपतो आणि भिंतीच्या फटीतून पलीकडचे कुटुंब पाहू लागतो. आंधळे वृद्ध डी लेसी, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. आपण चोरतो ते अन्न या गरिबांच्या तोंडचे आहे हे समजताच तो चोरी थांबवून रानातल्या कंदमुळांवर राहतो. रात्री त्यांच्यासाठी लाकडे तोडून आणतो, दारापुढचे बर्फ साफ करतो. घरच्यांना वाटते, कोणी सदय आत्मा मदत करतो आहे.

एकाकीपणाचे इतके बारकाईचे चित्र त्या काळच्या कादंबरीत क्वचितच सापडेल. त्या घरातील प्रत्येकाचा स्वभाव त्याला ठाऊक आहे, त्यांच्या दुःखाने त्याचे डोळे भरतात, आणि त्यांना तो अस्तित्वात असल्याचाही पत्ता नाही. फेलिक्सची प्रेयसी साफी येते, तिला भाषा शिकवली जाते आणि भिंतीआडचा हा दुसरा विद्यार्थी तिच्याही पुढे जातो. भाषा आली की माणसे आपल्याला जवळ करतील, असा त्याचा भरवसा असतो. घडते उलट. शब्द मिळाल्यावर त्याला आपल्यापाशी काय नाही ते मोजता येऊ लागते: आईबाप, भावंडे, नाव, घर. डबक्यातल्या पाण्यात स्वतःचे तोंड पाहून तो दचकतो. रानात सापडलेल्या तीन पुस्तकांतून, म्हणजे मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’, प्लुटार्कची चरित्रे आणि गटेचा ‘वेर्थर’ यांतून, तो माणसांचे जग वाचतो. मिल्टन वाचताना तो स्वतःची तुलना आधी आदमशी करतो, मग सैतानाशी. पण सैतानालाही सोबती होते, हे त्याच्या ध्यानात येते. खिशात सापडलेल्या टिपणवहीतून आपल्या जन्माची कथा आणि निर्मात्याला वाटलेली किळस त्याला कळते. एवढे वाचूनही तो आशा सोडत नाही, हे विशेष.

घरी फक्त आंधळे डी लेसी असताना तो दार ठोठावतो. म्हातारा त्याला बसवतो, आपुलकीने बोलतो, मदतीचे आश्वासन देतो. सबंध कादंबरीत या जिवाशी कोणी मायेने बोलले असेल तर एवढे एकच माणूस, आणि त्याला दिसत नाही. तेवढ्यात मुले परततात. अगाथा बेशुद्ध पडते, साफी पळते, फेलिक्स काठीने मारू लागतो. त्याला सहज चिरडण्याची ताकद असूनही जीव हात उगारत नाही, निघून जातो. या प्रसंगात शेली यांनी डोळा आणि कान समोरासमोर उभे केले आहेत. पाहणारे त्याला झिडकारतात, ऐकणारा त्याला माणूस समजतो. वाचकाची स्थितीही आंधळ्या डी लेसीसारखीच आहे: जीव त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो, म्हणून त्याला त्याची करुणा वाटू शकते.

ते कुटुंब घर सोडून जाते. जीव रिकाम्या घराला आग लावतो आणि जिनिव्हाच्या वाटेला लागतो. वाटेत नदीत पडलेल्या एका मुलीला तो वाचवतो. बक्षीस म्हणून खांद्यात गोळी मिळते. विल्यम भेटतो तेव्हा मारण्याचा हेतू नसतो. एवढ्या लहान मुलाच्या मनात अजून घृणा शिरली नसेल, याला आपला सोबती म्हणून वाढवावे, असे त्याला वाटते. मुलगा किंचाळतो, फ्रँकेन्स्टाइन हे नाव उच्चारतो, आणि पहिला खून होतो. जीव व्हिक्टरकडे एकच मागणे मागतो: माझ्यासारखीच एक सोबतीण घडवून दे, आम्ही दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात निघून जाऊ, फळे-कंद खाऊन राहू. हे मागणे वाजवी आहे, हे व्हिक्टरही काही काळ मान्य करतो.

ऑर्कनीच्या एका दूरच्या, जेमतेम तीन झोपड्यांच्या बेटावर व्हिक्टर पुन्हा कामाला बसतो. खिडकीत जीव दिसतो आणि अर्धवट घडवलेल्या स्त्रीचा देह व्हिक्टर त्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो. अशा जोडप्यापासून नवी प्रजा निर्माण होऊन मानवजात संकटात येईल, ही त्याची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तरी ज्या जिवाला आपण जन्म दिला त्याचे काय करायचे, याचे उत्तर त्याच्याकडे तेव्हाही नसते. इथून सूड उघड होतो. क्लर्व्हल मारला जातो. एव्हियाँला लग्नाच्या रात्री एलिझाबेथ मारली जाते. त्या धक्क्याने वडील जातात. जीव व्हिक्टरला मारत नाही. तो त्याला आपल्यासारखा करून सोडतो. अर्नेस्ट नावाचा एक भाऊ मागे उरतो, पण व्हिक्टर स्वतःला सर्वस्व गमावलेला समजतो आणि कादंबरीही अर्नेस्टला जवळजवळ विसरते.

शेवटच्या पाठलागात दोघेच उरतात. उत्तरेकडच्या बर्फात पुढे चाललेला जीव मागून येणाऱ्यासाठी खुणा ठेवतो, एकदा तर उपाशी राहू नये म्हणून मेलेला ससा ठेवून जातो. ज्याचा जीव घ्यायचा त्याला अन्न पुरवणारा हा शत्रू वाचताना मन हलते. वैर का होईना, या दोघांना एकमेकांशिवाय दुसरे नातेच राहिलेले नाही. जहाजावर व्हिक्टर मरतो तेव्हा त्याच्या देहापाशी उभे राहून शोक करणारा तोच जीव असतो.

कादंबरीतील स्त्रिया या एकाकीपणाच्या कडेला उभ्या आहेत. एलिझाबेथ घरी थांबते, पत्रे लिहिते आणि काही न कळता मरते. साफीला मात्र बापाचे घर सोडून हव्या त्या माणसाकडे येण्याचे धाडस लेखिकेने दिले आहे. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या निबंधात साफी, मार्गारेट आणि या कादंबरीतील साम्राज्याचे संदर्भ यांकडे लक्ष वेधले. १८३१च्या आवृत्तीतील क्लर्व्हल तर हिंदुस्थानातील भाषा शिकून युरोपच्या वसाहती आणि व्यापाराला हातभार लावण्याची स्वप्ने पाहतो. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील मूळ रहिवाशांची वाताहत ऐकून साफी आणि भिंतीआडचा जीव दोघेही रडतात.

हे सारे लेखिकेला कोठून उमगले, याचे उत्तर तिच्या आयुष्यात पुष्कळसे आहे. मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७चा. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवरील प्रसिद्ध ग्रंथाची लेखिका, अकरा दिवसांत बाळंतरोगाने गेली. लंडनच्या सेंट पँक्रस स्मशानातील आईच्या थडग्यापाशी मेरी वाचत बसे. १८१४ साली, सोळाव्या वर्षी, ती विवाहित पर्सी शेलीबरोबर निघून गेली तेव्हा विचारवंत वडील विल्यम गॉडविन यांनी तिच्याशी संबंध तोडले. त्याच वडिलांना तिने ही कादंबरी अर्पण केली. १८१५च्या प्रारंभी तिला झालेली अपुऱ्या दिवसांची मुलगी काही दिवसांतच दगावली. त्यानंतर मार्चमध्ये तिने दैनंदिनीत एक स्वप्न नोंदवले: बाळ नुसते गारठले होते, शेकोटीपाशी चोळल्यावर ते जिवंत झाले. पुढल्या वर्षी, तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५च्या उद्रेकाने युरोपचा उन्हाळा झाकोळून टाकला असताना, जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरनच्या बंगल्यावर भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज लागली आणि त्यातून ही कथा निघाली. लेखन चालू असतानाच सावत्र बहीण फॅनी आणि पर्सीची पहिली पत्नी हॅरिएट या दोघींनी आत्महत्या केल्या. जीवनपट जुळतो म्हणून कादंबरी आत्मचरित्र ठरत नाही, पण पोरकेपण या लेखिकेने पुस्तकांतून शिकलेले नव्हते, एवढे निश्चित.

समीक्षेने हा विषय वेगवेगळ्या अंगांनी पाहिला आहे. पर्सी शेलीने लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली छापल्या गेलेल्या परीक्षणात जिवाच्या दुष्टपणाचे मूळ त्याला मिळालेल्या वागणुकीत दाखवले आहे. १९७०च्या दशकात एलन मोअर्स यांनी कादंबरी बाळंतपण आणि त्यानंतरची भीती यांच्या अंगाने वाचली. त्यानंतर स्त्रीवादी समीक्षकांनी आईला वगळून निर्मिती करू पाहणाऱ्या पुरुषी अट्टहासावर बोट ठेवले. एकाकीपणा हे खुनांचे समर्थन होऊ शकते का, हा वाद मात्र मिटलेला नाही. कादंबरीचा स्वतःचा कौल असा दिसतो की कारण सांगितल्याने गुन्हा पुसला जात नाही. जीव स्वतःच स्वतःला क्षमा करत नाही आणि चिता रचून जळून जाण्याचा निश्चय बोलून दाखवतो. त्याच वेळी तो वॉल्टनला विचारतो की गुन्हेगार मी एकटाच का, फेलिक्स नाही का, मुलीला वाचवणाऱ्यावर गोळी झाडणारा नाही का. या प्रश्नाला वॉल्टनपाशी उत्तर नाही.

रंगभूमीने आणि चित्रपटाने हा प्रश्नच काढून टाकला. १८२३ साली लंडनमध्ये आलेल्या पीक यांच्या नाटकात जीव मुका होता. जाहिरातीच्या पत्रकात त्याच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या, आणि ही कल्पना मेरीला आवडली होती. १९३१च्या जेम्स व्हेल दिग्दर्शित चित्रपटात बोरिस कार्लॉफने साकारलेला जीवही बोलत नाही. तिथे त्याच्या कवटीत गुन्हेगाराचा मेंदू बसवलेला असतो, म्हणजे क्रौर्य जन्मजात ठरते. कादंबरीत तो बुडत्या मुलीला बाहेर काढतो. चित्रपटात त्याच्याच हातून एक मुलगी तळ्यात बुडते. १९३५च्या पुढच्या चित्रपटात आंधळ्या साधूच्या झोपडीत तो काही शब्द शिकतो, त्यांत ‘मित्र’ हा एक आहे. तेवढ्यापुरती मूळ कथा पडद्यावर परत आली.

बहुतेक वाचकांच्या मनातला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस पडद्यावरून आलेला आहे, आणि तो मुका आहे. मूळ कादंबरीतला जीव सहा प्रकरणे बोलतो. सबंध पुस्तक वाचणे जमले नाही, तरी अकरा ते सोळा ही प्रकरणे वाचावीत आणि त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकावे.